बेसाल्टात लोह भरपूर, पण खाण ग्रॅनाइटाशेजारी: हे कोडं काय आहे?

खडकवासी
दख्खनच्या बेसाल्टात लोहाची ऑक्साइडं साधारण १२ ते १४ टक्के असतात, म्हणजे निव्वळ लोह ९-१० टक्के. नेहमीच्या ग्रॅनाइटात ते जेमतेम दीड-दोन टक्के. तरी अख्ख्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात लोहाची एकही खाण नाही. उलट युटामधलं आयर्न स्प्रिंग्ज, उरलमधला मॅग्नितनाया डोंगर, स्वीडनचं किरुना, चिलीतला अटाकामाचा लोहपट्टा, हे सगळे साठे एकतर ग्रॅनाइटी खडकाला चिकटलेले, नाहीतर अँडेसाइट-ऱ्हायोलाइटसारख्या ज्वालामुखी खडकांत शिरलेले.
पाठ्यपुस्तकात 'उष्णजलीय द्रावणांतून निक्षेपण' एवढ्या तीन शब्दांत विषय गुंडाळलेला असतो. मला मधल्या पायऱ्या हव्या आहेत. लोह नेमकं कुठून सुटतं, पाण्यात विरघळून राहतं कसं, आणि एके ठिकाणी येऊन थांबतं का?
गोवा, रेडी, सुरजागड कृपया आणू नका. ते पट्टेदार गाळाचे साठे, त्यांची जन्मकथा वेगळी.

लाल माती
आणू नका म्हणालात म्हणून आणतो. त्या साठ्यांचं मूळ प्राचीन समुद्राच्या तळाशी, आणि नंतरच्या हवामानाने त्यातली सिलिका धुऊन नेली म्हणून धातुक (लोह काढण्याजोगा खडक) भारी झालं. झालं, आमच्या कोकणाचा हक्क बजावून झाला. आता चालू द्या तुमचा ग्रॅनाइट.

आम्लपित्त
सुरुवात रसायनापासून करतो, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे.
साध्या पाण्यात, कितीही तापवलं तरी, लोह नगण्य विरघळतं. लोहाला सोबत लागते क्लोराइडची. पाणी खारट, आम्लधर्मी, गरम आणि ऑक्सिजनला दुरावलेलं असेल तर लोह फेरस क्लोराइडच्या रूपात चालू लागतं. ग्रॅनाइटातून सुटणाऱ्या ५००-६०० अंश सेल्सियसच्या दाट खाऱ्या पाण्यात लोह वजनाने काही टक्के असू शकतं. ही मोजमापं क्वार्ट्झमध्ये अडकलेल्या सूक्ष्म थेंबांवरून येतात. खोलीच्या तापमानाला अशा थेंबात मिठाचा चौकोनी स्फटिक दिसला, तर पाणी २६ टक्क्यांहून खारट आहे हे तिथल्या तिथे कळतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली थेंब तापवत जायचं आणि मीठ कुठे विरघळतं ते बघायचं. ३०० अंशांना विरघळलं तर क्षारता साधारण ३८ टक्के, ४०० अंशांना विरघळलं तर ४७ च्या आसपास.
आता थांबण्याची क्रिया. फेरस क्लोराइडचे तीन रेणू आणि पाण्याचे चार मिळून मॅग्नेटाइटचा (लोहाचं काळं, चुंबकीय ऑक्साइड) एक रेणू, हायड्रोक्लोरिक आम्लाचे सहा आणि हायड्रोजनचा एक बनतो. नजर त्या सहा आम्लांवर ठेवा. ती कोणी खाल्ली नाहीत तर क्रिया तिथेच अडते आणि लोह विरघळलेलंच पुढे निघून जातं. म्हणून लोह कुठे थांबेल हा प्रश्न बऱ्याच अंशी 'आम्ल कोण खाईल' असा आहे.
चुनखडक हा सर्वात मोठा खादाड. तो नसेल तर ग्रॅनाइटातलं फिकट खनिज फेल्डस्पार खातं, पण हळू, आणि त्याचं सेरिसाइट (बारीक अभ्रक) व सिलिका होऊन बसते. तिसरा मार्ग उकळण्याचा: दाब अचानक उतरला की आम्ल वाफेबरोबर उडून जातं. चौथा मार्ग वरून झिरपलेल्या थंड, ऑक्सिजनयुक्त पाण्याशी गाठ पडण्याचा. तिथे लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन मॅग्नेटाइटऐवजी हेमाटाइट, म्हणजे लोहाचं तांबडं ऑक्साइड, बसतं.

उंटावरचा भूशास्त्री
ज्यांचं टोपणनाव आम्लपित्त आहे त्यांनी 'आम्ल कोण खाईल' हा प्रश्न विचारावा, यापरता योग नाही.

गारगोटी
आम्लपित्त यांनी शेवट सांगितला, मी सुरुवात सांगते. लोह कुठून सुटतं याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा आयर्न स्प्रिंग्जला आहे. नैर्ऋत्य युटात सीडर सिटीजवळ क्वार्ट्झ मॉन्झोनाइटच्या तीन घुसखोऱ्या (इतर खडकांत शिरून जमिनीखालीच थिजलेले शिलारस) आहेत, वय सुमारे २.२ कोटी वर्षं. हा ग्रॅनाइटाचाच जवळचा भाऊ. भूशास्त्रज्ञ मॅकिन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात तिथे दाखवलेली गोष्ट अशी: घुसखोरीची कड आधी थिजली, आतला भाग अजून गरम आणि लिबलिबीत होता. शिलारस फुगला तशा आतल्या भागात उभ्या भेगा पडल्या. भेगेच्या दोन्ही बाजूंचा खडक फिकट, विटलेला आणि मधोमध मॅग्नेटाइटची काळी शीर. विटलेल्या पट्ट्यात बायोटाइट आणि हॉर्नब्लेंड ही लोह असलेली गडद खनिजं मोडून गेलेली असतात, आणि त्यांच्यातलंच लोह निघून आलेलं असतं. तेच पाणी कडेपर्यंत गेलं, तिथे होमस्टेक चुनखडकाला भिडलं आणि चुनखडकाच्या जागी मॅग्नेटाइट भरत गेलं.
दुसरी पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते. सोडियमयुक्त गरम पाणी खडकात शिरलं की फेल्डस्पारमधलं कॅल्शियम-पोटॅशियम निघून सोडियम बसतं आणि अख्खा खडक अल्बाइटी (सोडियमच्या फेल्डस्पारचा) होतो. अशा खडकात गडद खनिजं जवळपास राहत नाहीत, म्हणजे लोह धुपून वर गेलेलं. चिलीत आणि उत्तर स्वीडनमध्ये असे फिकट पट्टे मैलोन्मैल आहेत. आपल्याकडे राजस्थानात खेत्री तांबेपट्ट्याच्या परिसरातले अल्बाइटी खडक याच प्रकारात मोडतात. धातुक शोधताना लोक काळा खडक शोधतात. आधी फिकट खडक शोधावा, त्याने कोणाला तरी लोह दिलेलं असतं.

खडकवासी
गारगोटीताई, हे फारच उपयोगी. म्हणजे खडकात मुळात लोह किती यापेक्षा ते सुटण्याजोग्या खनिजात आहे का, हे जास्त महत्त्वाचं? आणि एक हिशेब कोणी मांडेल का? दोन टक्के लोहाच्या ग्रॅनाइटातून खाणीएवढा साठा निघेल इतकं पाणी येतं कुठून?

कोअरबॉक्स
हिशेब घ्या.
एक घन किलोमीटर ग्रॅनाइट म्हणजे २७० कोटी टन. खडकाच्या वजनाच्या फक्त एक टक्का लोह धुतलं गेलं तरी २.७ कोटी टन. मॅग्नेटाइटात लोह ७२.४ टक्के, म्हणजे ३.७ कोटी टन मॅग्नेटाइट. घनता ५.२ धरली तर साधारण ७२ लाख घनमीटर: ६०० मीटर लांब, ३०० मीटर खोल, ४० मीटर जाड अशी भिंत. मध्यम आकाराची खाण झाली. तर लोहाची टंचाई ग्रॅनाइटात मुळीच नाही.
टंचाई पाण्याची आहे. पाण्यात लोह २ टक्के धरा. २.७ कोटी टन लोह वाहायला १३५ कोटी टन खारं पाणी लागेल. साधारण पावणेचार किलोमीटर खोलीवर, म्हणजे एक किलोबार दाबाला, ग्रॅनाइटी शिलारसात पाणी ४ टक्क्यांच्या आसपास मुरतं. एका घन किलोमीटरमधून सुटणार फार तर १०.८ कोटी टन. म्हणजे निदान १२-१३ घन किलोमीटर शिलारसाचं पाणी एकाच वाटेने यायला हवं. ५ टक्के लोह वाहणारं पाणी असेल तर पाचावर भागेल. १० किलोमीटर व्यासाच्या घुसखोरीत शेकडो घन किलोमीटर माल असतो, त्यामुळे हे अशक्य नाही. पण पाणी सगळीकडून पाझरलं तर खडकभर काळे ठिपके उठतील, धातुक होणार नाही. वाट हवी: भ्रंश, घुसखोरीचा उंचवटा, ब्रेचियाची (फुटलेल्या खडकाच्या तुकड्यांची) नळी.
आता चुनखडकाची बाजू. प्रत्येक टन मॅग्नेटाइटमागचं आम्ल मारायला सुमारे १.३ टन कॅल्साइट खर्ची पडतं. घनफळात पाहिलं तर मॅग्नेटाइटच्या अडीचपट चुनखडक नाहीसा होतो. म्हणून स्कार्नमधल्या (घुसखोरीला भिडून बदललेल्या चुनखडकातल्या) धातुकात पोकळ्या, ढासळलेले तुकडे आणि नंतर भरलेलं कॅल्साइट इतकं दिसतं. कोअर (छिद्रातून काढलेला खडकाचा दंडगोल) काढताना हीच पोकळ जागा त्रास देते. तुकडे हरवतात आणि नेमका भारी भाग कमी भरतो. कोअर किती टक्के हाती आला हे न पाहता ग्रेड (लोहाचं प्रमाण) वाचू नये.

उंटावरचा भूशास्त्री
एवढा हिशेब आमच्या सोसायटीच्या टँकरवाल्याला दाखवायला हवा. त्याचंही पाणी नेहमी दुसऱ्याच वाटेने जातं.

रेवती शिलेदार
कोअरबॉक्स, हिशेब चोख आहे, पण त्यात एक गृहीतक दडलंय: सगळं पाणी आणि सगळं मीठ शिलारसाचं. तसं असायलाच हवं असं नाही. १९९६ मध्ये बार्टन आणि जॉन्सन यांनी मांडलेला मुद्दा असा की बऱ्याच मोठ्या लोह-ऑक्साइड साठ्यांत क्लोराइड बाहेरचं असतं. वाळलेल्या समुद्राचे आणि खारसरोवरांचे मिठाचे थर शेजारी असतात. घुसखोरी ही फक्त चूल. तिच्या उष्णतेने बाहेरचं खारं पाणी खडकातून फिरू लागतं, सोडियम देतं, लोह घेतं आणि वर आणून टाकतं. हे मान्य केलं तर १२ घन किलोमीटर शिलारसाची अट गळून पडते, कारण तेच पाणी फेऱ्या मारू शकतं.
शिवाय अशा पाण्यात गंधक सल्फेटच्या रूपात असतं, सल्फाइड कमी. म्हणून लोह पायराइटऐवजी (लोहाच्या सल्फाइडऐवजी) ऑक्साइड होऊन बसतं. दोन्ही मतांत निवाडा करायला थेंबांतल्या ब्रोमीन-क्लोरीनचं गुणोत्तर मोजतात. विरघळलेल्या मिठाच्या थरातून आलेल्या पाण्यात ब्रोमीन फार कमी, कारण मीठ स्फटिकताना ब्रोमीन मागे राहिलेल्या पाण्यात टाकतं.

आम्लपित्त
रेवती यांच्याशी सहमत, एका पुरवणीसह. बाहेरच्या पाण्याला लोह विरघळवायचं असेल तर ते चांगलं तापलेलं हवं, नाहीतर नुसती क्षारता पुरत नाही. थंड खारं पाणी समुद्रातही आहे, त्यात लोह किती असतं?

चुंबकराव
सगळे उष्णजलीय, उष्णजलीय म्हणताय म्हणून विरुद्ध बाजूचा झेंडा घेतो. एल लाको बघा. चिलीच्या उत्तर भागात, अर्जेंटिनाच्या सीमेलगत, पाच हजार मीटरच्या आसपास उंचीवर अँडेसाइटचा ज्वालामुखी, वय सुमारे २० लाख वर्षं. त्याच्या अंगाखांद्यावर मॅग्नेटाइटचे असे थर आहेत की वरचा पृष्ठभाग दोरखंडासारखा पिळलेला, आत वायूचे बुडबुडे, उभ्या नळ्या, ज्वालामुखीतून उडून पडलेले गोळे. १९६१ मध्ये पार्क यांनी याला चक्क मॅग्नेटाइटचा लाव्हा म्हटलं. तिथल्या अँडेसाइटमधल्या स्फटिकांत लोहाने गच्च भरलेल्या काचेचे कणही मिळाले आहेत. म्हणजे शिलारसाचेच दोन न मिसळणारे भाग झाले, एक सिलिकाचा आणि एक लोहाचा. यात पाण्याला श्रेय कशाला?

रेवती शिलेदार
कारण शुद्ध मॅग्नेटाइट वितळायला १५९० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि अँडेसाइटचा लाव्हा हजाराच्या आगेमागे असतो. मधले पाच-सहाशे अंश फॉस्फरस, पाणी, क्षार यांनी उतरवावे लागतात. ते सगळे नंतर गेले कुठे, याचं उत्तर वितळलेल्या लोहाच्या बाजूने द्यावं लागतं.
आणि एल लाकोच्या पृष्ठभागावर जे दिसतं तेवढ्यावर थांबू नका. खाली गेलं की अँडेसाइट पायरॉक्सिन, स्कॅपोलाइट आणि मॅग्नेटाइटने बदललेला आहे, हा बदल गरम खाऱ्या पाण्याचाच. १९९९ मध्ये ऱ्होड्स, ओरेस्केस आणि शीट्स यांनी, मग २००२ मध्ये सिलिटो आणि बरोज यांनी लिहिलं की मुळात तिथे अँडेसाइटचाच लाव्हा होता, त्याचे बुडबुडे-पीळ तसेच ठेवून पाण्याने खडकाच्या जागी मॅग्नेटाइट भरलं. आकार जुना, माल नवा. अँडेसाइटची ठेवण धातुकात सरळ चालू राहिलेली दिसते, त्याचं स्पष्टीकरण लाव्हावाद्यांना जड जातं.

चुंबकराव
आणि तुम्हाला त्या उडून पडलेल्या गोळ्यांचं. फिटंफाट.

गारगोटी
दोघांनी थोडं मधे यावं. २०१५ मध्ये निपिंग आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्याच लोस कोलोरादोस साठ्यावरून तिसरी वाट सुचवली. त्या मॅग्नेटाइटच्या कणांचा गाभा शिलारसात वाढलेला दिसतो आणि बाहेरची किनार गरम पाण्यात. त्यांचं म्हणणं असं: शिलारसात आधी मॅग्नेटाइटचे बारीक स्फटिक तयार झाले. शिलारस वर येताना पाण्याचे बुडबुडे सुटले, ते नेमके मॅग्नेटाइटवर जमले. सोडावॉटरमध्ये टाकलेले मनुके जसे बुडबुडे धरून वर येतात तसे हे जड कण वर तरंगले, आणि सोबतच्या खाऱ्या पाण्याने त्यांच्यावर आणखी मॅग्नेटाइट चढवलं. भ्रंश उघडला की हा गाळ आणि पाणी एकत्र वर.
ओळखायची खूण टायटॅनियम आणि व्हॅनेडियमची. लाव्ह्यातल्या नेहमीच्या मॅग्नेटाइटात टायटॅनियम काही टक्के असतं. किरुना पद्धतीच्या धातुकात ते बहुधा एक टक्क्याखाली, पण व्हॅनेडियम चांगलं. कमी तापमानाच्या, बाहेरच्या पाण्यातून बसलेल्या मॅग्नेटाइटात दोन्ही कमी. मात्र अख्खा नमुना दळून केलेल्या रासायनिक पृथक्करणावर हे ठरवू नये. स्फीन किंवा रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजांचा एक दाणा मधे आला तरी टायटॅनियम फुगतं. लेझरने एकेक कण तपासावा, तोही गाभा वेगळा, किनार वेगळी.

लाल माती
किरुनाचं नाव निघालंच आहे तर: तिथला धातुकाचा पट्टा सुमारे ४ किलोमीटर लांब, सरासरी ८० मीटर जाड आणि २ किलोमीटर खोलीपर्यंत तरी माहीत आहे. तो तिरका शहराच्या पोटाखाली जातो, खाली पोकळ झालं की वरची जमीन खचते. म्हणून गावच हलवतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये १९१२ चं लाकडी चर्च सगळंच्या सगळं उचलून ५ किलोमीटर दूर नेलं.
आणि त्या धातुकाला आधी कोणी विचारत नव्हतं, कारण अ‍ॅपेटाइट या खनिजामुळे त्यात फॉस्फरस. फॉस्फरसचं पोलाद थंडीत काचेसारखं तडकतं. १८७०च्या दशकाच्या अखेरीस गिलख्रिस्ट टॉमस यांनी भट्टीला अल्कधर्मी अस्तर लावून फॉस्फरस मळीत (भट्टीतल्या स्लॅगमध्ये) ओढायची रीत काढली, तेव्हा या डोंगराचं सोनं झालं. मळी खत म्हणून विकली गेली ती वेगळीच. आता त्याच अ‍ॅपेटाइटात दुर्मिळ मृदा धातू आहेत म्हणून शेजारच्या पेर गेयर साठ्याची जानेवारी २०२३ मध्ये जगभर बातमी झाली. एका पिढीची घाण दुसऱ्या पिढीची मलई.

चुंबकराव
पेर गेयर हे मूळचे भूशास्त्रज्ञ, १९१० मध्ये किरुना शिलारसातून झालं असं लिहिणारे. आमच्या पक्षाचे आद्यपुरुष! १९७५ मध्ये पाराक यांनी त्याला छेद देत समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांचा सिद्धांत मांडला. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं एका खाणीवर भांडण चालू आहे आणि खाण निवांत चालली आहे.

कोअरबॉक्स
भांडण खाणीला महाग पडत नाही, चुकीची ओळख पडते. प्रत्यक्षात घोटाळे होतात ते असे.
चुंबक लावून 'मॅग्नेटाइट आहे' म्हणणं पुरेसं नाही. दख्खनचा साधा बेसाल्टही चुंबक हलवतो. चुंबकीय ग्राह्यता मोजायचा हातातला मीटर वापरा. मॅग्नेटाइटच्या दर एक टक्क्यामागे साधारण ०.०३ ते ०.०४ (एसआय पद्धतीत) मिळतात. बेसाल्ट काही टक्क्यांवर थांबतो, धातुक दहापट वर जातं.
दुसरा घोटाळा मार्टाइटचा. मॅग्नेटाइटचे अष्टफलकी स्फटिक तसेच राहतात, पण आत सगळं हेमाटाइट झालेलं असतं. रंग काळा, आकार मॅग्नेटाइटचा, चुंबक मात्र ढिम्म. बिनचकाकीच्या चिनीमातीच्या फरशीवर घासून कस बघा: मॅग्नेटाइट काळा, हेमाटाइट तांबडा-तपकिरी. खाणीच्या वरच्या थरात हा बदल पाण्याच्या पातळीपर्यंत झालेला असतो. प्रयोगशाळेचा अहवाल लोह ६० टक्के सांगतो, संयंत्र त्यातलं निम्मं शेपटात (टाकाऊ मालात) सोडतं, कारण खनिज वेगळं करणाऱ्या ढोलाचा सौम्य चुंबक मार्टाइट उचलतच नाही. यावर उपाय डेव्हिस ट्यूब. नमुना ७५ किंवा ४५ मायक्रॉनपर्यंत दळायचा, १० ते २० ग्रॅम घ्यायचा, विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये तिरपी काचनळी हलती ठेवून पाण्याने धुवायचा. चिकटून राहिलं त्याचं वजन, त्यातलं लोह, सिलिका, फॉस्फरस बघायचे. दर दोन-तीन मीटर कोअरला एक चाचणी असली तरच साठ्याच्या आकड्याला अर्थ.
उलटंही होतं. हेमाटाइटच्या चकचकीत पात्या आधी बसतात आणि नंतर गरम, ऑक्सिजन नसलेलं पाणी येऊन त्यांचं मॅग्नेटाइट करतं. पात्यांच्या आकाराचं मॅग्नेटाइट दिसलं तर पाणी दोनदा येऊन गेलं असं समजा.
तिसरा: डोंगरमाथ्यावरची तपकिरी, जाळीदार टोपी. ती लिमोनाइट असते आणि खाली लोहखाण नसून पायराइट असू शकतं. छिद्रांचे चौकोनी साचे दिसले तर गंधकाची चाचणी आधी. स्कार्नमध्ये हे हमखास: ५०० अंशांच्या वर गार्नेट-पायरॉक्सिन, मग उतरत्या तापमानाला एपिडोट-अ‍ॅक्टिनोलाइटबरोबर मॅग्नेटाइट, आणि शेवटी पायराइट-चाल्कोपायराइट. शेवटचा हप्ता पहिल्या मालात मिसळला की गंधक वाढतं. बारीक दळून पायराइट सुटलं तर तरंगवून काढता येतं, मॅग्नेटाइटला चिकटलेलं पायरोटाइट असलं तर तेही चुंबकावर बसतं आणि सुटका नाही.

आम्लपित्त
कोअरबॉक्स यांच्यात एक भर. हेमाटाइटचा साठा चुंबकीय नकाशावर दिसत नाही, गुरुत्वाच्या नकाशावर दिसतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऑलिंपिक डॅम याचा धडा. १५९ कोटी वर्षांपूर्वीच्या रॉक्सबी डाउन्स ग्रॅनाइटाचा चुरा होऊन बनलेला हेमाटाइटी ब्रेचिया, वर सुमारे ३५० मीटर गाळाचं पांघरूण. गुरुत्वाच्या नकाशावर विसंगती दिसली म्हणून १९७५ मध्ये पहिलं छिद्र घेतलं. गंमत म्हणजे तिथून तांबं, युरेनियम, सोनं, चांदी काढतात आणि एवढं हेमाटाइट शेपटात जातं.

खडकवासी
आता पुन्हा मूळ प्रश्नावर. ग्रॅनाइटाचं पटलं. पण बेसाल्टात तर लोह पाचपट, उष्णताही भरपूर, मग दख्खनला काय अडलं? बेसाल्टी शिलारसाला हे जमतच नाही का?

चुंबकराव
जमतं. पेनसिल्व्हेनियातली कॉर्नवॉल खाण १७४२ पासून १९७३ पर्यंत चालली. तिथला शिलारस बेसाल्टाच्याच जातीचा डायबेस, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो चुनखडकात शिरला होता.

रेवती शिलेदार
याहून थेट उदाहरण सायबेरियाचं. सायबेरियन ट्रॅप्स म्हणजे आपल्या दख्खनसारखेच पूरबेसाल्ट, वय २५.२ कोटी वर्षं. त्यांच्या दक्षिण भागात, अंगारा-इलिम परिसरात, कोर्शुनोव्स्कोये ही मोठी मॅग्नेटाइट खाण आहे. धातुक ब्रेचियाच्या उभ्या नळ्यांत भरलेलं आणि त्यात मॅग्नेटाइटसोबत कॅल्साइट आणि चक्क खाण्याचं मीठ. कारण त्या बेसाल्टाच्या वाटेत केंब्रियन काळातले मिठाचे आणि डोलोमाइटचे जाड थर होते. मिठाने क्लोराइड दिलं, डोलोमाइटने आम्ल खाल्लं, स्फोटांनी नळ्या उघडल्या, लोह बेसाल्टाने पुरवलं. आम्लपित्त यांच्या पहिल्या प्रतिसादातल्या सगळ्या अटी एका जागी.
दख्खनच्या बऱ्याचशा भागाखाली आहे ग्रॅनाइट-नाइस (ग्रॅनाइट आणि त्यासारखा पट्टेदार रूपांतरित खडक). मीठ नाही. आणि दख्खनचा शिलारस स्वतः कोरडा, थोलेआइटी जातीचा, पाणी कमी, क्लोरीन कमी, शिवाय बहुतेक सगळा लाव्हा होऊन बाहेर सांडलेला. खोल घुसखोरी जागीच थिजत राहावी, हळूहळू पाणी सोडावं, असं फारसं घडलं नाही.

गारगोटी
आणि दख्खनमध्ये जे गरम पाणी फिरलं त्याचा पुरावा आपल्या हातात आहे: जळगाव, नाशिक, पुण्याचे झिओलाइट, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक. स्टिलबाइट, ह्युलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट ही दोन-अडीचशे अंशांच्या खालच्या, पातळ, अल्कधर्मी पाण्याची खनिजं. अशा पाण्याला लोह उचलताच येत नाही. बेसाल्टच्या काचेतून लोह सुटलं तेही जागच्या जागी सेलाडोनाइट आणि इतर मातकट खनिजांत अडकलं. झिओलाइटच्या पोकळीला आतून हिरवं अस्तर असतं ना, तेच ते लोह. बोटभरही पुढे सरकलेलं नाही.

उंटावरचा भूशास्त्री
म्हणजे पाच लाख चौरस किलोमीटर कातळ, त्यात अमाप लोखंड, आणि मिठावाचून सगळं अळणी.

लाल माती
अगदीच अळणी नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर बेसाल्टची झीज होऊन जांभा झाला, त्यात लोह साठलं, आणि धावड मंडळी त्याच्यातून भट्ट्यांवर लोखंड गाळत. पण ते पावसाचं काम, उष्णजलाचं नाही. धागाकर्ते ओरडायच्या आत थांबतो.

खडकवासी
ओरडत नाही, चालेल. शेवटचं विचारतो: बेसाल्टच्या खाली जो जुना ग्रॅनाइटी पाया आहे, त्यात असं काही दडलेलं असू शकेल का? आणि असलं तर कळणार कसं?

कोअरबॉक्स
पाया कुठे लागतो ते कोयनेला मोजलंय. तिथल्या भूकंप अभ्यासाच्या ३ किलोमीटर खोल छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइट-नाइस लागला. पूर्वेला, ट्रॅपच्या (दख्खनच्या बेसाल्ट थरांच्या) कडेकडे, बेसाल्ट पातळ होत जातो.
शोधायची अडचण अशी की बेसाल्ट स्वतः चुंबकीय आहे, आणि त्याच्या थरांत लाव्हा थिजतानाचं चुंबकत्व गोठलेलं आहे, काही थरांत आजच्या दिशेचं, काहींत उलट. वरून विमानाने मोजलं तर नकाशावर एवढा गोंधळ उठतो की खालचा मॅग्नेटाइट त्यात बुडतो. तिथे गुरुत्व आधी घ्यावं लागेल. बेसाल्ट २.९, ग्रॅनाइट २.६५ ते २.७, आणि धातुक ४ च्या वर, त्यामुळे उथळ भागात मोठा साठा उठून दिसेल. पण ट्रॅपखालची जमीन सपाट नाही. जुन्या दरीत बेसाल्ट जाड साचला असेल तर तोही गुरुत्व वाढवतो आणि धातुकासारखाच दिसतो. म्हणून बेसाल्टची जाडी आधी विद्युत किंवा भूकंपलहरींच्या पद्धतीने काढायची, तिचा वाटा वजा करायचा आणि उरलेल्या आकड्यावर छिद्राची जागा ठरवायची. सव्वा किलोमीटर खाली लोहखाण परवडायची नाही. कडेला, शे-दोनशे मीटर बेसाल्ट असेल तिथे बघण्यात अर्थ आहे, आणि तिथेही छिद्रात आधी अल्बाइटी फिकट ग्रॅनाइट लागतो का ते बघा. नुसता ताजा गुलाबी ग्रॅनाइट आला तर पुढचं छिद्र दुसरीकडे.